रात्री दम लागला की आधी पंप, मग बाकीचं

«डॉक्टर, माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, वजन १५ किलो. दीड वर्षाचा असल्यापासून सर्दी झाली की त्याची छाती वाजते. गेल्या महिन्यात घरामागे सोयाबीनची मळणी चालू होती आणि त्याला सर्दीही झाली होती. रात्री अकराच्या सुमाराला दम लागला. सासूबाईंनी छातीला तेल चोळलं, ओवा-लसणाची धुरी दिली. मी घरातलं सिरप पाजलं. पहाटे शिट्टी थांबली म्हणून आम्हाला हायसं वाटलं, पण तो नुसता पडून होता. दवाखान्यात नेलं तर आल्या आल्या ऑक्सिजन लावला. निळा पंप, स्पेसर आणि रोज घ्यायचा दुसरा पंप डॉक्टरांनी आधीच लिहून दिला होता. आणलाही, पण कपाटातच राहिला. घरात सगळे म्हणतात, पंप एकदा लागला की सुटत नाही. नेब्युलायझरचं मशीन घ्यावं का? सासरे म्हणतात, मृगाला हैदराबादला नेऊन मासा देऊ. आणि पुन्हा रात्री असं झालं तर घरातून नक्की कधी निघायचं? आमच्यापासून दवाखाना पाऊण तासावर आहे.»
— एक आई, लातूर जिल्हा

ताई,

‘पहाटे शिट्टी थांबली म्हणून हायसं वाटलं’ या तुमच्या वाक्यापासून सुरुवात करते. मशीन, मासा, सवय हे सगळं नंतर.

शिट्टी वाजायलाही हवा लागते. दम्याचा झटका येतो तेव्हा श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. उरलेल्या फटीतून हवा जोराने जाते, म्हणून छाती वाजते. पण नळ्या आणखी आवळल्या किंवा मूल श्वास ओढून ओढून थकलं, की आत-बाहेर होणारी हवाच इतकी कमी होते की वाजायला काही उरत नाही. म्हणजे आवाज दोन वेळा थांबतो, मूल सुधारलं तरी आणि मूल फार बिघडलं तरी. कानाला दोन्ही सारखंच. फरक डोळ्यांना दिसतो. आराम पडलेलं मूल पाणी मागतं, कुरकुर करतं, कुशीवर वळून शांत झोपतं. तुमचा मुलगा ‘नुसता पडून होता’. त्या पहाटे तुम्ही त्याला उचलून नेलंत, ते अगदी योग्य केलंत.

म्हणून यापुढे छातीला कान लावण्याआधी त्याचा सदरा काढा आणि उजेडात बघा. बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते का? गळ्याखालचा खळगा आत जातो का? नाकपुड्या फुलतात का? पोट उडतं का? तो रडत नसताना, शांत असताना घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वास. आणि त्याला एखादा साधा प्रश्न विचारा. एरवी गाडी सुरू झाली की थांबत नाही असा पोरगा एकेका शब्दावर थांबत असेल, तर मोजायचीही गरज नाही.

आता पंप. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं (रंग कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून डब्यावरचं नाव वाचत जा). ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि साधारण ४ तास टिकतं. त्याची सवय लागत नाही. सवय लागल्यासारखं वाटतं ते वेगळ्या कारणाने. आजार चालू असतो म्हणून औषध पुन्हा लागतं, आणि घरातली माणसं औषधालाच दोष देतात.

पण ज्या सिरपवर घरात कुणाचाच आक्षेप नव्हता, त्याचा हिशेब करून बघू. मुलांच्या साल्ब्युटामॉल सिरपमध्ये बहुधा ५ मिलीच्या चमच्यात २ मिलीग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर येणाऱ्या फवाऱ्यात, १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप हे जवळजवळ २० पफांएवढं औषध झालं! आणि ते आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगभर फिरून थोडंसं फुफ्फुसात पोचतं. त्यामुळे परिणाम उशिरा होतो, हात थरथरतात, छाती धडधडते, मूल झोपत नाही. पंपाचं औषध जिथे हवं तिथे थेट जातं, म्हणून थोडक्यात भागतं. ‘पंप स्ट्राँग असतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब सांगा. तुमच्या बाटलीत साल्ब्युटामॉलच होतं की खोकल्याचं दुसरं काही, ते पत्रावरून कळत नाही. झोप आणणारं खोकल्याचं औषध असेल तर दमात ते देऊच नका. मूल थकून पेंगतंय की औषधाने, हेच मग ओळखता येत नाही.

रात्री दम लागला तर करायचं असं. मुलाला मांडीवर ताठ बसवा, आडवं करू नका. पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्यामधल्या प्लास्टिकच्या पोकळ नळीला) लावा, मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट बसवा. एक पफ दाबा, त्याला ५-६ श्वास घेऊ द्या. मग पंप पुन्हा हलवा आणि दुसरा पफ. घाईत दोन्ही पफ एकदम दाबले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. मूल किंचाळून रडत असेल तेव्हा औषध नीट आत जात नाही, म्हणून मास्कची ओळख बऱ्या दिवसांत करून ठेवा. बाहुलीला लावा, आजोबांना लावा, त्याला स्वतःला धरू द्या.

‘जिना’ या दम्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सूचना जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यांत ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घरचा पहिला डोस २ पफ असा आहे. २० मिनिटांनी बघायचं, गरज असेल तर आणखी २, पुन्हा २० मिनिटांनी आणखी २. म्हणजे पहिल्या तासात जास्तीत जास्त ६. तेवढ्यावर मूल खुललं, खेळायला लागलं, तर घरी थांबा, पण त्या रात्री त्याच्याजवळच झोपा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. सहा पफांनी भागलं नाही, किंवा आराम पडला पण ३-४ तासांच्या आत पुन्हा दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही.

हे झालं दवाखाना गल्लीत असणाऱ्यांसाठी. तुमचा पाऊण तास धरून मी तुम्हाला अलीकडची रेघ आखून देते. पहिले २ पफ दिले, २० मिनिटांनी दुसरे २ दिले आणि तरी बरगड्या आत ओढल्या जातायत, तर गाडी काढा. तिसरे २ पफ वाटेत द्या. उगाच धावपळ झाली असं नंतर वाटलं तर वाटू द्या.

आणि काही खुणा अशा आहेत की तिथे २० मिनिटंही थांबायचं नाही. बोलता येत नाही, पाणी गिळता येत नाही. ओठ किंवा जीभ निळसर, राखी दिसते. मूल पेंगायला लागतं, हाक मारली तरी नीट बघत नाही, किंवा उलट, कुणाला ओळखत नसल्यासारखं तडफडतं. श्वास जोराचा चालू आहे पण छाती गप्प झालीय. यातलं एक जरी दिसलं तरी एकामागून एक असे ६ पफ द्या, प्रत्येक पफ सुटा, आणि निघा. पोचेपर्यंत दर २० मिनिटांनी तेच. अशा वेळी ‘औषध जास्त झालं तर’ ही भीती मनात आणू नका. हात थरथरले, छाती धडधडली तर ते ओसरतं. घरची गाडी नसेल तर १०८ लावा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका फुकट मिळते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो. घरची गाडी दारात असेल तर मात्र १०८ची वाट बघत बसायचं की निघायचं, हे अंतर बघून ठरवा. फोनवर विचारूनही घेता येतं.

घरात करोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पडून असेल. ते बाहेर काढा, सेल बदला, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. लहान बोटावर ते नीट बसत नाही, हात गार असला किंवा मूल हललं तर काहीही आकडा दाखवतं. आकडा स्थिर येऊन ९२च्या खाली असेल तर लगेच निघा. पण ९६ दिसतंय आणि बरगड्या ओढल्या जातायत, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा.

दवाखान्यात काय करतात तेही सांगते, म्हणजे तिथे घाबरायला होणार नाही. ऑक्सिजन देतात, साल्ब्युटामॉल पुन्हा पुन्हा देतात, जोराचा झटका असेल तर त्यात इप्राट्रोपियम नावाचं दुसरं औषध मिसळतात. सूज उतरवण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तोंडाने ३ ते ५ दिवस देतात. ते काम करायला काही तास घेतं, म्हणूनच लवकर पोचण्यात फायदा असतो. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की आपल्याकडे माणसं दचकतात. एवढ्या दिवसांच्या कोर्सने तसं घाबरण्यासारखं काही होत नाही. मात्र आधीच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि अँटिबायोटिक प्रत्येक वेळी मिळालंच पाहिजे असा आग्रह धरू नका. या वयातले बहुतेक झटके साध्या व्हायरसच्या सर्दीने येतात आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डॉक्टरांना न्यूमोनियाची शंका आली तर गोष्ट वेगळी.

औषधाची वाफ करून देणारं नेब्युलायझरचं मशीन घेऊ नका. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेला पंप नेब्युलायझरच्या तोडीस तोड चालतो, हे मुलांवरच्या अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. तुमच्याकडे रात्री वीज जाते की नाही ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिवाय मशीनची नळी, मास्क रोज धुवून वाळवावे लागतात, नाहीतर त्यातच जंतू वाढतात. घरात मशीन आलं की आणखी एक गोष्ट हमखास होते: माणसं रात्रभर वाफ देत बसतात आणि निघायची वेळ टळते. त्या पैशांतून दुसरा स्पेसर आणि एक जादा पंप घ्या. एक घरी, एक प्रवासाच्या पिशवीत. अंगणवाडीच्या ताईंनाही पंप कसा द्यायचा ते दाखवून ठेवा.

स्पेसर नवा असताना आणि नंतर महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा. फडक्याने पुसू नका, आपोआप वाळू द्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. पंप संपलाय का हे हलवून कळत नाही, औषध संपल्यावरही गॅस फुसफुसत राहतो. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तोच घ्या, नाहीतर सुरू केल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा. पंपात बहुधा २०० पफ असतात.

गावाला गेलात आणि स्पेसर घरीच विसरला तर? केपटाउनच्या डॉक्टर हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली होती. स्वच्छ, कोरड्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप त्यात घट्ट बसवून कडेने चिकटपट्टी लावायची आणि बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत द्यायचं. ४ वर्षांच्या मुलाला हे जमतं. दिसायला ओबडधोबड आहे, पण अडल्या वेळी चालतं.

धुरीबद्दल सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी मायेनेच केलं, पूर्वी दुसरं हाताशी काही नव्हतंही. पण ओव्याचा असो, वावडिंगाचा असो की अगरबत्तीचा, धूर तो धूर. आधीच सुजलेल्या नळीला तो आणखी डिवचतो. डास पळवायची कॉइल, कुणाची विडी, चुलीचा धूरही त्यातच येतो. पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफही नको, तिने झटका उतरत नाही आणि मुलं भाजतात, ते मी बघत आलेय. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवत असाल तर काढून टाका. कापूर गिळला गेला तर लहान मुलाला त्याची विषबाधा होते, आकडी येते. तेल चोळायला हरकत नाही, पण पंप दिल्यावर. खरं तर सासूबाईंना एक काम द्या. पंप देताना नातवाला मांडीवर धरायचं आणि श्वास मोजायचे ते त्यांनी. आजीच्या मांडीवर तो शांत बसेल.

मळणीचं तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटलं. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनच्या बार्सिलोना शहरात अधूनमधून एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांची एकदम रीघ लागायची आणि कारण सापडेना. शेवटी दिवस जुळवून बघितले तर त्या त्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जात होतं. धूळ एका कोठाराला गाळणी नसल्याने शहरभर उडत होती. कोठाराला गाळण्या बसवल्यावर हे प्रकार थांबले. ते रुग्ण बहुतेक मोठी माणसं होती, त्यामुळे तुमच्या मुलाचा दम सोयाबीननेच झाला असं त्यावरून म्हणता येणार नाही. त्या रात्री सर्दीचा वाटा बहुधा मोठा असावा. पण मळणीयंत्र घरामागे चालणार असेल तेव्हा दोन दिवस त्याला आजोळी धाडणं काही अवघड नाही. भुसकट घराच्या भिंतीला लागून साठवू नका.

कपाटातला दुसरा पंप मात्र आज बाहेर काढा. त्यात बुडेसोनाइड किंवा तसंच श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असेल. ते झटक्यात उपयोगाचं नाही, रोज घेतलं तरच नळ्यांची सूज कमी राहते आणि झटके टळतात. ऑक्सिजन लागण्याइतका झटका येऊन गेलेल्या मुलाने ते घेऊ नये असं म्हणणारा डॉक्टर मला तरी माहीत नाही. दिल्यावर चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसा. वाढ खुंटते का? थोडा परिणाम होतो, हे लपवत नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं हे औषध घेतलेल्या मुलांची मोठेपणी उंची मोजली, तेव्हा ती हे औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. वारंवार दम लागणाऱ्या, नीट न झोपणाऱ्या, न जेवणाऱ्या मुलाचं याहून जास्त नुकसान होतं. किती दिवस द्यायचं आणि कधी कमी करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. बरं वाटलं म्हणून तुम्ही बंद करू नका. कुणी दम्यावरच्या मॉन्टेल्युकास्ट नावाच्या गोळ्या दिल्या आणि मूल चिडचिड करायला लागलं, रात्री दचकून उठायला लागलं, तर डॉक्टरांना सांगा. या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये ठळक इशारा दिलेला आहे.

हैदराबादचं म्हणाल, तर मृगाला जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळं औषध भरून ते गिळायला देतात, आणि आपल्या बाजूने लोक वर्षानुवर्षं श्रद्धेने जातात. त्याने दमा बरा होतो, असं शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेलं नाही. चार वर्षांच्या, श्वासाचाच त्रास असलेल्या मुलाच्या घशात जिवंत मासा घालायला मी हो म्हणणार नाही. सासऱ्यांना मोडता घालणं अवघड असेल तर तेवढं माझ्या नावावर घाला. मुलं बरी होतात ती बऱ्याचदा वयाने. अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहरात जन्मापासून पाहिलेल्या मुलांमध्ये, ३ वर्षांच्या आत छाती वाजलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची ६व्या वर्षापर्यंत वाजायची थांबली होती, असं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. आई-वडिलांना दमा असेल, मुलाला अंगावर खाजरा इसब असेल, तर शक्यता कमी होते. तुमच्या घरी यातलं काही आहे का, ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

हे पत्र वाचणाऱ्या इतर आयांसाठी एक गोष्ट. छाती वाजते म्हणजे दमाच, असं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाची पहिल्यांदाच वाजली तर ती वेगळी गोष्ट असते, घरी पंप देत बसू नका, दाखवा. आणि धडधाकट मूल शेंगदाणे किंवा फुटाणे खाताना एकदम ठसकलं आणि तेव्हापासून छाती वाजायला लागली, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. खोकला नंतर थांबला तरी न्यायचं, आणि ‘खाताना ठसकला’ हे दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगायचं.

ताई, झटक्यानंतर डॉक्टरांना अजून दाखवलं नसेल तर या आठवड्यातच जा. दोन्ही पंप आणि स्पेसर बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतः पफ देऊन दाखवा. किती पफ, किती वेळाने, कधी निघायचं, हे त्यांच्याकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्या. मी वर दिलेल्या आकड्यांत त्यांनी तुमच्या मुलासाठी काही बदल केला तर त्यांचंच ऐका. कागद फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो सासूबाईंच्या मोबाइलमध्येही ठेवा.